रुपयाचा प्रश्न आणि बाबासाहेब : अर्थतज्ज्ञाचा आपण विसरलेला वारसा

दरवर्षी १ एप्रिल आला की आपल्या मोबाईलवर एक संदेश फिरू लागतो. रिझर्व्ह बँकेचा स्थापना दिन, बँकेच्या इमारतीचे चित्र, शेजारी कोट घातलेले बाबासाहेब आणि खाली एक ओळ की ही बँक बाबासाहेबांनी स्थापन केली. आपण तो संदेश अभिमानाने पुढे पाठवतो. दोन आठवड्यांनी भीमजयंती येते आणि तीच ओळ बॅनरवर झळकते.

अभिमान रास्त आहे. पण बाबासाहेबांनी रुपयाबद्दल नेमके काय लिहिले, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी किती जण दोन वाक्ये सांगू शकतील? वस्तीत बचत गटांच्या बायकांबरोबर काम करताना हा प्रश्न मला सारखा टोचतो. ताई, मजुरी तीच आहे, मग पीठ आणि तेल का महागतं? असे त्या विचारतात. बाबासाहेबांनी विद्यार्थीदशेत ज्या प्रश्नाशी झुंज दिली, तो याच्या फार जवळचा होता. म्हणून आज त्यांचे चरित्र एका वेगळ्या वाटेने सांगायचे आहे. चवदार तळे आणि संविधान आपल्याला ठाऊक आहे. ही वाट आहे नाण्याची, कराची आणि मजुरीची.

गहाण ठेवलेले दागिने

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांच्या पोटी भीमराव जन्मले. ते चौदावे अपत्य. मूळ गाव कोकणातले आंबडवे. रामजी लष्करातून निवृत्त झाले आणि पेन्शनवर संसार चालू लागला. भीमराव लहान असतानाच आई गेली. पुढे कुटुंब साताऱ्याहून मुंबईत परळच्या चाळीत आले.

भीमरावांना पुस्तकांचे वेड होते आणि घरात पैसा नव्हता. मुलाने पुस्तक मागितले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांच्याकडून उसने घेत, कधी त्यांचा एखादा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन हातात आली की तो सोडवून आणत. कर्ज, गहाण आणि महिन्याच्या ठरावीक तारखेची वाट पाहणे हे अर्थशास्त्र भीमरावांनी आधी घरात पाहिले. कॉलेजचा अभ्यासक्रम नंतर आला. पुढे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांनी शिक्षणासाठी केलेल्या त्यागाची आठवण ठेवून. रुपयावरचे ते पुस्तक त्या गहाण दागिन्यांच्या ऋणातून उभे राहिले, असे मला नेहमी वाटते.

न्यूयॉर्कमधला विद्यार्थी

एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी झाली, फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील वारले आणि त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र वाचले, पण मुख्य विषय अर्थशास्त्र. सार्वजनिक वित्ताचे थोर अभ्यासक प्राध्यापक सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक.

काळही विलक्षण होता. डिसेंबर १९१३ मध्ये अमेरिकेने फेडरल रिझर्व्हचा कायदा केला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये देशभर बारा प्रादेशिक रिझर्व्ह बँका सुरू झाल्या. त्यांतली एक न्यूयॉर्कमध्येच होती. बाबासाहेब ज्या शहरात शिकत होते, तिथे एक देश आपल्या चलनाची व्यवस्था नव्याने बांधत होता. आपल्या देशाचे चलन मात्र लंडनमध्ये बसलेला भारतमंत्री चालवत होता.

१९१५ मध्ये त्यांनी एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. कंपनीचे राज्य संपले, पण कंपनीचे कर्ज भारतीय रयतेच्या डोक्यावर कसे ठेवले गेले, हे त्यात आकड्यांनिशी येते. नंतरचे मोठे संशोधन ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होते. ते १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग प्रकाशनाने काढले. सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि अर्पणपत्रिकेत सयाजीराव महाराजांचे नाव आले. १९२७ मध्ये कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली.

त्या ग्रंथाचा विषय रुक्ष वाटतो : केंद्र सरकार आणि प्रांत यांनी कराचा पैसा कसा वाटून घ्यायचा? पण आतला प्रश्न जिवंत आहे. कर देणाऱ्या माणसाला खर्चाचा जाब विचारता येतो की नाही? ज्या सरकारला लोकांना उत्तर द्यायचे नसते, ते सरकार गरिबाच्या मिठावर कर घेते आणि शाळेवर हात आखडून खर्च करते. पुढे त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानात अनुच्छेद २८० ने वित्त आयोगाची तरतूद आली. केंद्र आणि राज्य यांच्यातील महसूल वाटपाचा हा विषय त्यांच्यासाठी किती जुना होता, हे लक्षात घ्यावे.

बडोदा, सिडनहॅम आणि छोटे शेत

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती. पुस्तके वेगळ्या जहाजाने निघाली होती. महायुद्धाच्या धामधुमीत ते जहाज बुडाले.

करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पुढे त्यांना अर्थखात्याची जबाबदारी द्यावी असा महाराजांचा मानस होता. पण कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला शहरात राहायला खोली मिळेना. शिपाई फायली लांबून टाकत. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. बागेतल्या झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले. तो प्रसंग आपण सगळे जाणतो. त्याचा एक अर्थ क्वचित सांगितला जातो : राज्याचा पैसा सांभाळण्याची विद्या ज्याच्याकडे होती, त्याला जातीमुळे त्या तिजोरीच्या जवळही टिकू दिले गेले नाही.

मुंबईत परतल्यावर १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे जोडले की शेती सुधारेल, असे तेव्हा सगळे म्हणत होते. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा धरला. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही. त्यावर किती भांडवल आणि किती हात लागतात यावर ते ठरते. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अडकून पडली आहेत. त्या रिकाम्या हातांना काम देणारे उद्योग उभे केले तरच शेतीही सावरेल. गाव सोडून शहराकडे चला, असे ते पुढे आपल्या समाजाला का सांगत होते, त्याची अर्थशास्त्रीय बाजू या निबंधात सापडते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वर्गात इतर कॉलेजांची मुले येऊन बसत, पण प्राध्यापकांच्या माठातले पाणी त्यांनी प्यायला काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. ते पगारातून पै पै साठवत राहिले. रमाई त्या तुटपुंज्या पैशात घर चालवत होत्या. मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांवर ते पुन्हा लंडनला निघाले.

रुपयावरचा प्रबंध

लंडनची ती वर्षे अर्धपोटी गेली. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडण्याआधी दारात, संध्याकाळी ते बंद होईपर्यंत आत. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली आणि डी.एस्सी.साठी त्यांनी विषय घेतला : भारतीय रुपया. मार्गदर्शक होते प्राध्यापक एडविन कॅनन.

हा वाद काय होता ते साध्या शब्दांत पाहू. १८३५ पासून ब्रिटिश भारतात चांदीचा रुपया हे प्रमाण नाणे होते. कोणीही टांकसाळीत चांदी न्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत. पण १८७३ नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९४-९५ पर्यंत एक शिलिंग एक पेनीच्या आसपास आला. भारत सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये पौंडांत मोठी रक्कम भरावी लागे. रुपया पडला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागत, म्हणजे रयतेवर जास्त कर.

१८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. आता रुपये पाडण्याचा अधिकार फक्त सरकारचा. नाण्यातली चांदी कमी किमतीची आणि नाण्याची किंमत जास्त, त्यामुळे पाडलेल्या प्रत्येक रुपयामागे सरकारला नफा होऊ लागला. १८९८ च्या फाउलर समितीने देशात सोन्याचे नाणे चालवावे असे सुचवले, पण प्रत्यक्षात घडले वेगळेच. देशात चांदीचे रुपये आणि कागदी नोटा, परदेशी देण्यांसाठी लंडनमध्ये ठेवलेला साठा आणि दर राखण्यासाठी लंडनमधून होणारी हुंड्यांची विक्री अशी व्यवस्था रूढ झाली. तिला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स या नामांकित अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये पुस्तक लिहून तिची तरफदारी केली होती.

बाबासाहेबांनी या व्यवस्थेला आव्हान दिले. त्यांचा मुद्दा असा की, परदेशी बाजारात रुपयाला किती पेन्स मिळतात हा दुय्यम प्रश्न आहे. देशातल्या माणसाला एका रुपयात किती धान्य, किती कापड मिळते, हा खरा प्रश्न आहे. सरकारच्या हातात हवे तेवढे रुपये पाडण्याची मोकळीक असेल, तर रुपये वाढत जातील आणि प्रत्येक रुपयाची क्रयशक्ती घटत जाईल. विनिमय दर सांभाळून ही घसरण थांबत नाही. रोग देशाच्या आत आहे. म्हणून सरकारसह सर्वांसाठी रुपयाची टांकसाळ बंद करा, सोन्याच्या नाण्याची टांकसाळ उघडा, दोहोंतला दर कायद्याने ठरवा, दोन्ही नाणी चालू द्या आणि रुपयांची संख्या वाढूच देऊ नका, असा त्यांचा उपाय होता. राज्यकर्त्याच्या लहरीवर नाणे सोडू नका, त्याला नियमाने बांधा, हे त्यामागचे सूत्र.

दुसरा मुद्दा आपल्या लोकांना थेट भिडणारा आहे. रुपया स्वस्त असला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, असे गिरणीमालक आणि व्यापारी म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? रुपया घसरला की वस्तूंचे भाव चढतात, पण मजुरी त्या वेगाने चढत नाही. मालकाला माल विकून जास्त रुपये मिळतात आणि तो मजुराला जुनेच रुपये देतो. मालकाचा नफा म्हणजे मजुराच्या ताटातून उचललेला घास. तो परदेशातून येत नाही, आपल्याच माणसाच्या खिशातून येतो. बचत गटाच्या बैठकीत मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका उपाशी विद्यार्थ्याने असे लिहून ठेवले होते.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर झाला. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा सादर करायला सांगितले. पैसे संपल्याने ते मुंबईला परतले, तिथे फेरलेखन केले आणि ऑगस्टमध्ये पाठवले. मांडणी बदलली, निष्कर्ष बदलला नाही. नोव्हेंबरमध्ये प्रबंध मान्य झाला आणि डिसेंबरमध्ये पुस्तक बाहेर आले. कॅनन यांनी प्रस्तावनेत काही मतभेद नोंदवले, पण युक्तिवादाच्या ताजेपणाची दखल घेतली. बाबासाहेब तेव्हा ३२ वर्षांचे होते.

आयोगासमोर आणि बँकेच्या दारात

ऑगस्ट १९२५ मध्ये हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय चलनावर शाही आयोग नेमला गेला. बाबासाहेबांनी त्याला लेखी निवेदन दिले आणि १५ डिसेंबर १९२५ रोजी समक्ष साक्ष दिली. त्या दिवसांत ही डी.एस्सी. पदवी घेतलेली व्यक्ती पोटासाठी एका हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होती आणि बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम उभे करत होती.

आयोगासमोर त्यांनी सुवर्ण विनिमय परिमाणाचे दोष मांडले. त्या वेळी सगळीकडे भांडण होते ते दराचे : रुपया एक शिलिंग चार पेन्स की सहा पेन्स? त्यांनी दाखवले की हे दोन वर्गांच्या हितांचे भांडण आहे. कमी दर धंदेवाल्यांना सोयीचा, जास्त दर मजुरीवर आणि पगारावर जगणाऱ्यांना. दोहोंच्या मधला दर त्यांनी सुचवला, कारण कोणाही एका वर्गावर सगळा भार टाकणे त्यांना मान्य नव्हते. चलनाच्या चर्चेत मजुराचे नाव त्यांनी असे आणले.

आता सत्य नीट समजून घेऊ. १९२६ च्या अहवालात आयोगाने जुनी व्यवस्था सदोष ठरवली, सोन्याच्या लगडींवर आधारलेले परिमाण सुचवले, एक शिलिंग सहा पेन्सचा दर शिफारस केला आणि देशासाठी रिझर्व्ह बँक स्थापन करावी असे म्हटले. सोन्याचे नाणे चालवण्याचा बाबासाहेबांचा उपाय आयोगाने घेतला नाही. बँकेचे विधेयक १९२७ मध्ये आले आणि रखडले. शेवटी १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. ज्या आयोगाच्या शिफारशीतून ही बँक उगवली, त्या आयोगासमोर बाबासाहेब अभ्यासक म्हणून उभे राहिले आणि जुन्या व्यवस्थेवर त्यांनी धारदार टीका केली. पण बँक त्यांनी स्थापन केली असे म्हणणे नेमके नाही. त्यांच्या प्रबंधाचा भर बँक उभारण्यावर नव्हता. चलन वाढवण्याच्या सत्तेला लगाम घालण्यावर होता.

काही मित्रांना हे बोलणे आवडणार नाही. पण ज्यांनी आयुष्यभर पुराव्याशिवाय एक वाक्य लिहिले नाही, त्यांच्या नावावर आपण पुराव्याशिवाय वाक्ये का खपवावीत? नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर आणखी एक संदेश फिरला की दर दहा वर्षांनी नोटा बदलाव्यात असे बाबासाहेबांनी या पुस्तकात सांगितले आहे. पुस्तकात तसा सल्ला नाही. आपण वाचले नाही म्हणून त्यांचे नाव दुसऱ्यांना वापरता आले.

न लिहिलेला दुसरा खंड

यानंतर महाड, नाशिक, गोलमेज परिषद, पुणे करार यांनी त्यांचे दिवस भरून गेले. तरीही अर्थशास्त्र सुटले नाही, ते चळवळीत उतरले. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. कोकणातल्या खोती पद्धतीविरुद्ध विधेयक आणले आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या प्रकल्पाला आणि पाणी-वीज नियोजनाला दिशा दिली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये प्रमुख उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, आणि ही रचना संविधानातच लिहावी, अशी मांडणी केली. तो भाग संविधानात आला नाही.

त्याच १९४७ मध्ये रुपयावरचे पुस्तक ‘हिस्ट्री ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग’ या नावाने, पहिला खंड म्हणून, पुन्हा छापले गेले. प्रस्तावनेत त्यांनी सांगितले की १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या खंडात लिहायचा आहे. म्हणजे रिझर्व्ह बँकेचा जन्म आणि तिची पहिली वर्षे त्या खंडात आली असती. पण मग संविधान आले, हिंदू कोड बिल आले, आजारपण आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी आपल्याला बुद्धाच्या वाटेवर आणले आणि ६ डिसेंबरला ते गेले. दुसरा खंड लिहायचा राहून गेला.

मला वाटते, तो खंड लिहिण्याचे काम आपल्याकडे आले आहे. आज रिझर्व्ह बँकेत अर्थशास्त्रीय संशोधनाचा मोठा विभाग आहे. १९४७ पासून तिची मासिक पत्रिका निघते. महागाई किती राहील असे लोकांना वाटते, याची पाहणी बँक शहरांतल्या कुटुंबांत करते. २०१६ पासून कायद्याने महागाईचे लक्ष्य ४ टक्के, वर-खाली २ टक्क्यांची सूट, असे ठरवले जाते. सत्तेला नियमाने बांधण्याचा प्रश्न अजून तसाच चालू आहे आणि हे बहुतेक साहित्य कोणालाही मोफत वाचता येते. पण ते वाचणारी, त्यातून रोजंदारीवरच्या बाईच्या बाजूने प्रश्न काढणारी आपली मुले-मुली किती? आपण डॉक्टर, इंजिनीअर, तहसीलदार घडवले, त्याचा आनंद आहे. आता त्या संशोधन विभागात बसणारे अर्थशास्त्रज्ञही घडवायला हवेत.

सुरुवात साधी आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडात हे तिन्ही आर्थिक ग्रंथ एकत्र आहेत. विहाराच्या कपाटात तो खंड असेल, बहुधा काचेआड. यंदाच्या जयंतीला तो बाहेर काढा. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास बसा, अर्थशास्त्र शिकणारी एखादी मुलगी पुढे बसवा आणि एक प्रकरण मराठीत समजावून घ्या. गल्लीतल्या दुकानातला गव्हाचा भाव आणि घरातली मजुरी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. बुद्धाने कालामांना सांगितले की ऐकीव आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. बाबासाहेबांनी रुपया असाच तपासला होता.

१ एप्रिलचा तो संदेश मग पुढे पाठवायचा की नाही, ते वाचून झाल्यावर ठरवू.

जय भीम! नमो बुद्धाय!